छातीत पाणी झालं म्हणजे चौथी स्टेज नव्हे

पत्र :

नमस्कार डॉक्टर. माझी आई ५२ वर्षांची आहे. अठरा वर्षांमागं अंगावरून जास्त जायचं म्हणून तिची पिशवी काढली होती, त्याचा एकबी कागद घरात नाही. पाडव्यापासून तिचं पोट फुगायलंय, आता उंबऱ्यापासून हौदापर्यंत गेली तरी धाप लागती. उजव्या छातीतून सव्वा लिटर पाणी काढलं, ते तीन आठवड्यांत परत भरलं. टीबी असंल म्हणून गोळ्या चालू केल्या, दोन महिने झाले, काही फरक नाही. मग सोनोग्राफीत उजव्या अंडाशयाला १४ सेंटिमीटरची भरीव गाठ आणि पोटात पाणी निघालं. रक्तातलं सीए-१२५ (कॅन्सरची शंका आली की बघतात तो आकडा) आलं ३८६. छातीचं आणि पोटाचं पाणी तपासलं, दोन्हीत कॅन्सरच्या पेशी नाहीत म्हणतात. तरी एका डॉक्टरांनी सांगितलं, छातीपर्यंत गेलंय, चौथी स्टेज आहे, आधी केमो घ्या. दुसरे म्हणाले, मेग्ज सिंड्रोम असू शकतो, गाठ साधी असंल, काढली की पाणी बंद होईल. सोयरे म्हणतात चाकू लावला की पसरतं. भाऊ दीड एकर विकायला निघालाय. वडिलांनी ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आईची नि स्वतःची अशी दोघांची उचल (आगाऊ पैसे) घेतलीय. काय करावं कळंना गेलंय.
— एक लेक, केज तालुका

उत्तर :

ताई, केमोची तारीख घेतली असेल तर ती पुढं ढकला आणि शेताचा व्यवहार थांबवा. दोन डॉक्टरांपैकी खरं कोणाचं, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. गाठीचा तुकडा अजून सूक्ष्मदर्शकाखाली कोणी पाहिलेलाच नाही. सोनोग्राफी, सीए-१२५, पाणी हे सगळं गाठीभोवतीचं आहे, गाठीतलं काहीच नाही. तुकड्याच्या रिपोर्टाशिवाय केमो सुरू करायची नाही हा अंडाशयाच्या कॅन्सरच्या उपचाराचा पाया आहे, आणि तो मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

खोटा धीर देणार नाही. पन्नाशीतली बाई, भरीव गाठ, पोटात पाणी आणि वाढलेलं सीए-१२५ असं चित्र असलं की बहुतेक वेळा कॅन्सरच निघतो, त्यामुळे पहिल्या डॉक्टरांना शंका आली यात त्यांची चूक नाही. चूक आहे ती शंकेला निदान म्हणण्यात. अगदी असंच दिसणारा एक साधा आजार आहे, आणि तो गाठ काढल्यावर पूर्ण बरा होतो.

त्याचं नाव तुम्ही ऐकलंच आहे. बोस्टनचे डॉ. जो व्हिन्सेंट मेग्ज आणि त्यांचे सहकारी कॅस यांनी १९३७ साली अशा सात बायकांची नोंद छापली. अंडाशयाची साधी भरीव गाठ, पोटात पाणी, फुप्फुसाभोवती पाणी, आणि गाठ काढताच दोन्ही पाणी नाहीसं. चौथी गोष्ट पुरी झाल्याशिवाय मेग्ज म्हणत नाहीत, म्हणून ऑपरेशनाआधी कोणताही डॉक्टर फार तर ‘असू शकतो’ एवढंच म्हणेल. ही गाठ बहुधा फायब्रोमा असते, म्हणजे तंतूंनी भरलेली, कापली तर पांढरी आणि कच्च्या पेरूसारखी घट्ट. अंडाशयाच्या शंभर गाठींत फायब्रोमा चारच्या आसपास, त्यांतल्या शंभरात दहा-पंधरा जणींच्या पोटात पाणी होतं, आणि छातीतही पाणी होणारी शंभरात एखादीच. म्हणूनच तालुक्याच्या दवाखान्यात हे नाव चटकन कोणाच्या ओठावर येत नाही.

पाणी येतं कुठून? गाठ मोठी झाली की तिच्यातून शिरांमधला द्रव पाझरतो आणि पोटाच्या आवरणालाही सतत घासण्याचा, दाबाचा त्रास होतो. पोटात साचलेलं पाणी श्वासपडद्यातल्या बारीक छिद्रांतून आणि लसिकावाहिन्यांतून वर छातीत खेचलं जातं. ही वाट उजवीकडे जास्त मोकळी असते. म्हणून मेग्जच्या साधारण ७० टक्के बायकांत पाणी उजव्याच बाजूला सापडतं, तुमच्या आईसारखं. गाठ डाव्या अंडाशयाची असली तरी पाणी उजवीकडे होऊ शकतं. छातीतून कितीही वेळा पाणी काढा, खालचा झरा चालू आहे तोवर ते भरतच राहणार.

आता तुमच्या हातातल्या आकड्यांकडे. सीए-१२५ चं नेहमीचं माप ३५ च्या आत. ते कॅन्सरच्या पेशींचंच रसायन आहे असा समज आहे, पण पोटाच्या आणि छातीच्या आवरणाच्या साध्या पेशीही ते बनवतात. आवरण चिडलं की आकडा चढतो : टीबीत चढतो, लिव्हरच्या आजारात पाणी झालं तरी चढतो, मेग्जमध्ये शेकड्यांत जाऊ शकतो. शिवाय डॉक्टर एक गुणाकार करतात, त्याला आरएमआय म्हणतात. सोनोग्राफीचे गुण, पाळी गेल्याचे गुण आणि सीए-१२५ यांचा गुणाकार. भरीव भाग आणि पाणी अशी दोन लक्षणं असल्यानं सोनोग्राफीचे ३. पिशवी काढलेली आणि वय पन्नाशीपुढं असल्यानं पाळी गेलेली धरायची, त्याचे ३. तीन गुणिले तीन गुणिले ३८६ म्हणजे ३४७४. हद्द २०० ची. हा आकडा पाहून घाम फुटेल, पण मेग्जमध्येही तो असाच येतो, कारण गुणाकारातल्या तीनही गोष्टी त्या आजारात असतात. या आकड्याचा उपयोग एकच : ही गाठ गावच्या ऑपरेशन थिएटरात काढण्यासारखी नाही, कॅन्सरचं ऑपरेशन जाणणाऱ्याकडे न्यायची.

‘छातीपर्यंत गेलं’ हे वाक्य मात्र आताच खोडता येतं. अंडाशयाच्या कॅन्सरची स्टेज ठरवण्याचा जगभरचा नियम सांगतो की फुप्फुसाभोवती पाणी असणं पुरेसं नाही, त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या पाहिजेत, तरच त्या पाण्यापायी चौथी स्टेज धरतात. तुमच्याकडे पेशी नाहीत असा रिपोर्ट आहे. उलटंही लक्षात ठेवा : पोटात कॅन्सर असूनही पाण्यात पेशी न सापडणं बऱ्याचदा घडतं. म्हणजे हा रिपोर्ट आईच्या बाजूचा आहे, निकाल नाही.

टीबीचं काय झालं तेही सांगायला हवं, कारण आपल्या भागात हे फार होतं. छातीतलं पाणी दोन जातींचं : पातळ आणि घट्ट, म्हणजे प्रथिनं जास्त असलेलं. घट्ट पाणी आणि त्यात लिंफोसाइट पेशी दिसल्या की टीबी धरून गोळ्या सुरू होतात. पण मेग्जचं पाणीही बहुधा घट्टच असतं. घट्ट म्हणजे टीबी, हे समीकरण तिथं फसतं. जुन्या रिपोर्टात ‘एडीए’ हा आकडा शोधा. तो ४० च्या खाली असेल तर छातीचा टीबी असण्याची शक्यता बरीच कमी. त्याच पाण्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, म्हणजे टीबीचे जंतू शोधणारी तपासणी झाली का तेही पाहा. मात्र छातीच्या पाण्यात ही तपासणी टीबी असूनही निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून दोन्ही एकत्र वाचायचे. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. हे कागद घेऊन ज्यांनी गोळ्या सुरू केल्या त्यांच्याकडेच जा, त्यांना अंडाशयाची गाठ निघाल्याचं सांगा आणि बंद करायच्या का हे त्यांच्याकडूनच लिहून आणा. दोन महिने गोळ्या खाल्ल्यात, म्हणून लिव्हरची रक्ततपासणी भूल देण्याआधी व्हायलाच हवी.

पुढचा अडथळा जुन्या ऑपरेशनाचा. आपल्या बीड जिल्ह्यात तिशीत-पस्तिशीत पिशवी काढलेल्या बायका किती, हे २०१९ साली सरकारला समिती नेमून मोजावं लागलं. त्यातल्या बऱ्याच जणींना आत काय ठेवलं आणि काय काढलं हे कोणी सांगितलेलंच नाही. ‘पिशवी काढली’ म्हणजे अंडाशयं गेली असं नसतं. ती ठेवली असतील तर त्यांना गाठ होऊ शकते, आणि आईचं तेच झालं. ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथं डिस्चार्ज कार्ड आणि पिशवीच्या तपासणीचा रिपोर्ट मागा. अठरा वर्षांनी तो मिळेलच असं नाही, पण एक फेरी मारा. त्या काळी पिशवीत काही वावगं निघालं असेल तर आजच्या गाठीचा अर्थ बदलतो. कागद नाहीच मिळाला तर सर्जनला तसं स्पष्ट सांगा. जुन्या ऑपरेशनामुळे अंडाशय आतड्याला, लघवीच्या पिशवीला किंवा बाजूच्या भिंतीला चिकटलेलं असू शकतं, आणि मूत्रपिंडातून येणारी लघवीची नळी त्याच्या अगदी खालून जाते. आत शिरताना ही नळी दुखावण्याचा धोका खरा आहे, तो ऐन वेळी कळण्यापेक्षा आधी माहीत असलेला बरा.

आता तपासण्या, ज्या क्रमानं कराव्यात त्या क्रमानं. पुढच्या वेळी धापेसाठी पाणी काढायची वेळ आली की ते वाया घालवू नका. किमान ५० ते १०० मिलिलिटर ताजं पाणी पेशींच्या तपासणीला द्या आणि चिठ्ठीवर ‘सेल ब्लॉक’ लिहायला सांगा. नुसत्या काचेवरच्या थेंबापेक्षा सेल ब्लॉकमध्ये पेशी एकत्र गोळा होतात आणि त्यांवर विशेष रंग टाकून त्या कुठल्या अवयवाच्या हे पाहता येतं. पाणी त्याच दिवशी लॅबला पोचलं पाहिजे. जायला उशीर असेल तर फ्रिजमध्ये, बर्फाच्या खणात नव्हे. खेड्यातून पाठवलेल्या बाटल्या दिवसभर गाडीच्या डिकीत तापतात, पेशी सडतात आणि रिपोर्ट येतो ‘पेशी नाहीत’. तुमच्या आधीच्या बाटल्यांचं असं झालं होतं का, तेही आठवून पाहा. पोटाच्या पाण्याचं अल्ब्युमिन आणि त्याच दिवशीच्या रक्ताचं अल्ब्युमिन काढायला सांगा. रक्तातलं पाण्यातल्यापेक्षा १.१ ग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर लिव्हर किंवा हृदयाकडे बघावं लागतं.

रक्तात सीए-१२५ बरोबर सीईए आणि सीए १९-९ करा. सीए-१२५ भागिले सीईए हे उत्तर २५ पेक्षा जास्त आलं तर रोख अंडाशयाकडे. त्याहून कमी आलं तर जठर आणि मोठं आतडं दुर्बिणीनं पाहायचं, कारण जठराचा कॅन्सर अंडाशयात जाऊन अशाच भरीव गाठी करतो, आणि तो बहुधा दोन्ही बाजूंना असतो. तरुण मुलींसाठीच्या एएफपी आणि बीटा-एचसीजी या तपासण्यांची यादी ५२ व्या वर्षी कोणी हातात दिली तर ‘गरज का?’ विचारा. तो खर्च सहसा वाचतो.

सोनोग्राफी झाली असली तरी खालून, म्हणजे योनीमार्गानं एकदा अनुभवी माणसाकडून करून घ्या. पिशवी नसली तरी ती करता येते. फायब्रोमामागं पडद्यासारखी काळी सावली पडते आणि रंगीत डॉपलरमध्ये रक्तप्रवाह जेमतेम दिसतो. कॅन्सरच्या भरीव गाठीत बहुधा रक्त भरपूर खेळतं. या दोन गोष्टी रिपोर्टात लिहिलेल्या आहेत का? नसतील तर त्याच डॉक्टरांना पुन्हा पाहून लिहायची विनंती करा.

पैसे एकाच मोठ्या तपासणीवर घालायचे असतील तर ओटीपोटाच्या एमआरआयवर घाला, इंजेक्शनसह आणि डिफ्यूजनसह (हा एमआरआयमधलाच चित्रांचा एक प्रकार). सीटीत साधी भरीव गाठ आणि कॅन्सर सारखेच राखाडी दिसतात. एमआरआयच्या ‘टी-टू’ चित्रात तंतूंची गाठ काळी दिसते, डिफ्यूजनमध्येही काळी, आणि औषध दिल्यावर हळूहळू थोडंच उजळते. दोन्हीत एकसारखी काळी असलेली गाठ जवळजवळ नेहमीच साधी निघते. मोठ्या गाठीत मात्र सूज आणि पाण्याच्या पोकळ्या असतात, त्या पांढऱ्या दिसतात आणि वाचणाऱ्याला चकवतात, म्हणून एमआरआय अंडाशयाचे रिपोर्ट नेहमी पाहणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडून वाचून घ्या. आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी लागेल. आईला अर्धा तास उताणं पडून राहायचंय. धाप असेल तर त्याच दिवशी सकाळी छातीतलं पाणी काढून मग न्या, नाहीतर मध्येच उठावं लागेल आणि पैसे पाण्यात.

छाती आणि पोटाचा सीटी वेगळ्या प्रश्नासाठी लागतो : इतरत्र काही आहे का? त्यात आतड्यांवरची चरबीची चादर, म्हणजे ओमेंटम, जाड झालीय का, श्वासपडद्यावर गाठी आहेत का, लिंफ ग्रंथी मोठ्या आहेत का, हे बघतात. इथूनच वाट दोन फाट्यांना जाते. ओमेंटम जाड आणि पोटभर गाठी असतील तर सुईनं तिथला तुकडा घ्यायचा. त्यात कॅन्सर आला आणि एका ऑपरेशनात सगळं निघण्यासारखं नसेल तर आधी केमो हा योग्य मार्ग आहे, आणि मग पहिल्या डॉक्टरांचं ऐका. पण गाठ एकटी आणि बाकी पोट स्वच्छ असेल तर गाठीत सुई खुपसायची नाही आणि केमोही नाही. थेट ऑपरेशन करून गाठ अख्खी काढायची.

सोयऱ्यांच्या म्हणण्यात एक दाणा खरा आहे, पण त्यांनी तो चुकीच्या जागी पेरलाय. चाकू लागल्यानं कॅन्सर पसरत नाही. गाठ पोटात फुटली, तिचं सत्त्व सांडलं, तर मात्र नुकसान होतं. एका अंडाशयातला कॅन्सर तेवढ्यानं वरच्या स्टेजमध्ये जातो. म्हणूनच पोटावरून सुई नको, म्हणूनच १४ सेंटिमीटरची गाठ लहान छिद्रातून तुकडे करून काढायची नाही. नाभीच्या वरपर्यंत जाणारा उभा छेद द्यावा लागेल. टाके कमी असावेत म्हणून दुर्बिणीचा हट्ट धरू नका.

दवाखाना निवडताना पाटी बघू नका, हे विचारा : गायनॅक कॅन्सरचं ऑपरेशन करणारे सर्जन आहेत का? ऑपरेशन चालू असताना फ्रोजन सेक्शन, म्हणजे गाठीचा तुकडा गोठवून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, होतो का, आणि त्या दिवशी पॅथॉलॉजिस्ट हजर असतील का? लागलं तर आतड्याचे आणि लघवीच्या नळीचे सर्जन त्याच छताखाली आहेत का? आयसीयू आहे का? तुमच्याकडून अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय सगळ्यांत जवळचं. तिथं दाखवून चिठ्ठी घ्या. फ्रोजनची सोय त्या आठवड्यात नसेल तर तेच छत्रपती संभाजीनगरला घाटी किंवा शासकीय कर्करोग रुग्णालयात पाठवतील. लातूरही दूर नाही. जिथं ऑपरेशन होणार तिथल्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भरतीच्या आधीच भेटा. आधार आणि रेशन कार्डावरची नावं जुळत नसतील तर मंजुरी अडकते, ती दुरुस्ती आज सुरू करा. योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. दीड एकर विकायचं कारण मला तरी दिसत नाही. भरतीआधीच्या बाहेरच्या तपासण्यांचे पैसे मात्र खिशातून जाऊ शकतात, तेवढी तजवीज ठेवा.

ऑपरेशनाआधी भूलतज्ज्ञ छातीतलं पाणी काढायला सांगतील, म्हणजे फुप्फुसाला जागा मिळेल. एका बैठकीत एक ते दीड लिटरवर थांबायचं. ‘सगळंच काढा, परत यायला नको’ असा आग्रह धरू नका. दबलेलं फुप्फुस एकदम उघडलं तर त्यातच पाणी भरतं आणि जिवावर बेततं. काढताना जोराचा खोकला, छातीत आवळल्यासारखं झालं तर आईनं लगेच हात वर करायचा. हृदयाची टू-डी इको, हिमोग्लोबिन, सोडियम आणि अल्ब्युमिन हे चार कागद तयार असू द्या, रक्ताच्या दोन पिशव्यांची सोय ठेवा. वारंवार पाणी काढल्यानं अंगातलं प्रथिन जातं, आणि भाकरी-ठेच्यावर ते भरून येत नाही. रोज दोन अंडी, डाळ किंवा उसळ दोन्ही वेळा, मूठभर शेंगदाणे, दूध किंवा दही. पोट दाबल्यानं एका वेळी फार जात नाही, म्हणून दिवसात पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. ओटीपोटातली मोठी गाठ पायाच्या शिरा दाबते आणि रक्ताच्या गुठळ्या होतात. आईला खाटेवर पडू देऊ नका, दर तासाला अंगणात चार फेऱ्या माराव्यात. एक पिंढरी सुजली, दुखली तर त्याच दिवशी दाखवा. अचानक एका बाजूला कळ उठून उलट्या लागल्या तर तारखेची वाट पाहू नका. जड फायब्रोमा देठावर फिरून पीळ पडतो आणि त्याला रात्रीच ऑपरेशन लागतं.

थिएटरात काय घडायला हवं? पोट उघडताच पाणी तपासणीला घेतात, मग श्वासपडदा, लिव्हर, आतडं, ओमेंटम, दुसरं अंडाशय हातानं चाचपतात. गाठ अंडाशय आणि गर्भनळीसह न फोडता काढून फ्रोजनला पाठवतात. निकाल साधारण २० ते ३० मिनिटांत. साधी असेल तर या वयात दुसरं अंडाशयही काढावं की ठेवावं, हे आधीच बोलून ठेवा आणि संमतीपत्रावर लिहून घ्या. आईला विचारून, फक्त भावाला विचारून नव्हे. कॅन्सर निघाला तर त्याच बैठकीत ओमेंटम आणि इतर नमुने काढून स्टेजिंग पुरं करतात, दुसऱ्यांदा पोट उघडावं लागत नाही. फ्रोजनची सोय नसलेल्या ठिकाणी नेमकं हेच फसतं. एकतर साध्या गाठीसाठी नको तेवढं काढलं जातं, नाहीतर कॅन्सर निघूनही अर्धंच होतं.

फ्रोजन हा पहिला अंदाज, शेवटचा शब्द नव्हे. १४ सेंटिमीटरच्या गाठीतून त्या वेळी दोन-तीनच तुकडे पाहता येतात. पक्का रिपोर्ट साधारण सात ते दहा दिवसांत येतो; त्यासाठी साधारण दर सेंटिमीटरला एक असे तुकडे पाहावेत, अशी विनंती पॅथॉलॉजिस्टला करा. रिपोर्टात ‘फायब्रोमा’, ‘थेकोमा’ किंवा ‘फायब्रोथेकोमा’ आलं तर साधी गाठ. ‘सेल्युलर फायब्रोमा’ आलं तरी घाबरू नका, पेशी दाटीनं असतात इतकंच, मात्र गाठ चिकटलेली किंवा फुटलेली होती तर काही वर्षं नजर ठेवायची. ‘ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर’ हे नाव आलं तर तो साधा धरायचा नाही. तो दहा-पंधरा वर्षांनीही उलटतो, त्याचा पाठपुरावा वेगळा असतो. फायब्रोमा आणि ग्रॅन्युलोसा सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी एकमेकांसारखे दिसतात. तेव्हा रेटिक्युलिन नावाच्या रंगात फरक कळतो : फायब्रोमात जाळी एकेका पेशीभोवती, ग्रॅन्युलोसात पेशींच्या पुंजक्याभोवती. शंका वाटली तर काचा आणि मेणाचे ब्लॉक लॅबकडून मागून घ्या आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयात फेरतपासणीला द्या. पेशंटला न्यायची गरज नसते, ब्लॉक नेले तरी चालतात.

साधी गाठ निघाली तर औषध काहीच नाही. केमो नाही, शेक नाही, हार्मोनच्या गोळ्या नाहीत. छातीचं पाणी बहुतेकदा एक-दोन आठवड्यांत ओसरायला लागतं. एक्स-रे दोन आठवड्यांनी आणि पुन्हा सहा आठवड्यांनी. सीए-१२५ पहिल्या महिन्यात करूच नका. पोट उघडल्यानंच तो काही आठवडे चढलेला राहतो आणि घर विनाकारण हादरतं. आठ आठवड्यांनी करा, तेव्हा ३५ च्या जवळ आलेला दिसायला हवा. आठ आठवड्यांनंतरही पाणी भरत असेल तर काचा पुन्हा वाचून घ्या आणि टीबी, लिव्हर, हृदय नव्यानं तपासा. त्या वेळी मेग्ज हे नाव सोडून द्यावं लागेल. सगळं ठीक असेल तर सहा महिन्यांनी आणि वर्षानं एक सोनोग्राफी.

राहिला उचलीचा प्रश्न. उभ्या छेदाचं पोट सहा आठवडे घागरसुद्धा उचलू देत नाही, आणि मोळी डोक्यावर घेण्याजोगं व्हायला किमान तीन महिने लागतात. त्याआधी वजन घेतलं तर टाक्यांच्या जागी हर्निया होतो आणि पुन्हा जाळी बसवायचं ऑपरेशन. दसऱ्यानंतर टोळी निघेल तेव्हा आई त्यात नसेल, रिपोर्ट काहीही येवो. वडिलांनी मुकादमाला हे आजच सांगावं, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स मिळाली की तीही द्यावी, आणि उचल अर्ध्या कोयत्यावर, म्हणजे जोडीऐवजी एकट्याच्या कामावर, कशी फिरवायची ते चार माणसांसमोर, कागदावर ठरवून घ्यावं. फडावर पोचल्यावर ते बोलणं होत नाही.